निसर्ग शिक्षण केंद्रात स्वयंसेवक व्हायचंय? आधी वार ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बँकेतून निवृत्त झालात, मुलुंडला राहता, पक्ष्यांची आवड आहे, पण विज्ञानाशी संबंध दहावीतच संपला. मुंबईतल्या एखाद्या निसर्ग शिक्षण केंद्रात आठवड्यातून एक दिवस काम करायचं मनात आहे. तिथे नेमकं काय करायला लावतात, आधी काय शिकून जावं, आणि गुडघे कुरकुरत असताना हे झेपेल का? शिवाय मुलगी म्हणते, "आई, तुला तिथे झाडूच मारायला लावतील."

मुलीचं बरोबर आहे, झाडू मारावा लागतो. मुलं येऊन गेली की प्रदर्शनाच्या खोलीत चिखल असतो, चिप्सचा चुरा असतो आणि कुणाची तरी पाण्याची बाटली विसरलेली असते. ते आवरणं हे या कामातच येतं. ज्यांना ते खटकतं ते दुसऱ्या महिन्यात येत नाहीत, आणि त्यात कुणाचंच फारसं बिघडत नाही.

मी बरीच वर्षं अशा केंद्रांतून मुलांना जंगल दाखवायचं आणि नव्या स्वयंसेवकांना तयार करायचं काम करतोय, त्यावरून सांगतो. केंद्रांना माणसांची टंचाई नसते. पाच जूनला, पर्यावरण दिनी, माणसं उतू जातात. कंपन्यांच्या बस येतात, एकसारखे टी-शर्ट, एक रोप आणि वीस फोटो. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो, तेव्हाही तेच. टंचाई असते ती ऑगस्टमधल्या एखाद्या बुधवारी, पाऊस कोसळत असताना, शाळेची बस फाटकाशी उभी असताना हजर असणाऱ्या माणसाची. म्हणून कुठे जायचं यापेक्षा आधी कोणता वार द्यायचा ते ठरवा. आणि एकदा दिला की भाचीचं केळवण, भिशी, काहीही असो, तो वार मोडायचा नाही. हे जमणार असेल तर विज्ञानाचं पुढे बघता येतं.

आता जागा. मुंबईकर या बाबतीत सुदैवी आहेत. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, वस्तीने वेढलेलं. त्यातला विहार तलाव १८६० चा आणि तुळशी १८७९ चा. शहराला आजही त्यांचं पाणी मिळतं. बोरिवलीच्या बाजूला वन विभागाचं निसर्ग माहिती केंद्र आहे. गोरेगावला चित्रनगरीच्या आवारात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचं संवर्धन शिक्षण केंद्र आहे, १९९३ पासून, ३३ एकरांवर, उद्यानाच्या जंगलाला अगदी खेटून. धारावीजवळ मिठी नदीच्या काठी महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९९४ साली लोकांसाठी उघडलं, साधारण ३७ एकर. तिथे आधी शहराचा कचरा टाकत, हे आज झाडांखाली उभं राहिल्यावर खरं वाटत नाही. आणि तुम्हाला सगळ्यात जवळचं म्हणजे पूल ओलांडून ऐरोलीचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र. ते २०१७ मध्ये सुरू झालं. शेजारची ठाणे खाडी २०१५ साली रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली.

गुडघ्यांचा विचार करता धारावी आणि ऐरोली सपाट आहेत, पायवाटा धड आहेत. गोरेगावला चढ-उतार आहे, पावसाळ्यात वाट निसरडी होते. उद्यानातल्या कान्हेरी लेण्यांच्या बाजूचा चढ तर तुम्हाला नकोच. प्रत्येक ठिकाणी नाव नोंदवायची रीत वेगळी, काही ठिकाणी आधी प्रशिक्षण असतं, काही ठिकाणी थेट कामाला जुंपतात. ते विचारून घ्या.

काय करायला लावतात? रोपवाटिकेत पिशव्या भरणं हे बहुतेकांचं पहिलं काम. माती, शेणखत, थोडी रेती. पिशवी गच्च दाबायची नाही आणि सैलही सोडायची नाही. बसून करता येतं, म्हणजे तुमची सोयच. बहाव्याचं बी तसंच पेरलं तर महिनोन्महिने ढिम्म राहतं, कवच इतकं टणक. ते घासून किंवा गरम पाण्यात भिजवून मग पेरायचं. असल्या गोष्टी तिथला माळी शिकवतो, आणि माळ्याकडून शिकायची तयारी हवी. निवृत्त अधिकारी मंडळींना इथेच जरा जड जातं असं माझं निरीक्षण आहे. तुम्ही कॅशियर होतात की व्यवस्थापक हे मला माहीत नाही, म्हणून स्पष्ट बोलतो.

दुसरं काम घाणेरी नावाचं झुडूप काढायचं. काही लोक टणटणी म्हणतात, फुलं छान रंगीत, मूळची अमेरिकेकडची, आणि आपल्या जंगलात जिथे उजेड मिळेल तिथे माजलेली. नवे लोक कोयत्याने सपासप वरून छाटतात आणि दमून घरी जातात. पुढच्या पावसात त्याच बुंध्याला दुप्पट फुटवे येतात. ती काढायची तर जमिनीच्या जरा खाली, खोड संपून मूळ सुरू होतं तिथे कुदळीने तोडायची, बुंधा वर काढायचा आणि मुळं आभाळाकडे करून उलटा ठेवायचा, म्हणजे मातीला लागून परत जीव धरत नाही. फळं धरायच्या आत करायचं, नाहीतर बुलबुल बी खाऊन पुढच्या झाडाखाली पेरणार. आणि हात लावण्याआधी झुडपात घरटं आहे का ते वाकून बघायचं, कारण तोच बुलबुल तिथे घरही करतो. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत हे काम वन विभागाच्या परवानगीशिवाय करता येत नाही; तिथे गवताची काडीसुद्धा आपल्या मर्जीने उपटायची नसते. गुडघ्यांसाठी हे काम वाईट. नाही म्हणा, कुणी रागावणार नाही.

फुलपाखरांच्या बागेतलं काम मात्र तुम्हाला आवडेल. तिथे कढीपत्त्याची आणि लिंबाची झुडपं मुद्दाम लावलेली असतात, कारण मॉरमॉन जातीची फुलपाखरं त्यांच्यावर अंडी घालतात. ब्लू मॉरमॉन २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, तेही लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच वाढतं. मॉरमॉनची लहान अळी हुबेहूब चिमणीच्या विष्ठेसारखी, काळपट-पांढरी. पानावर पडलेली घाण समजून पक्षी पुढे जातो. मोठी झाली की हिरवीगार होते. तिला काडीने हलकेच स्पर्श केला की डोक्यामागून लाल दुहेरी शिंग बाहेर येतं आणि आंबूस-उग्र वास सुटतो. हे पाहिल्यावर सातवीचा सगळ्यात दांडगा पोरगाही गप्प होतो. या बागेत स्वयंसेवकाने दोन गोष्टी करायच्या: अंडी आणि अळ्या मोजून लिहायच्या, आणि "पानं किडीने खाल्ली, औषध मारू का?" असं कुणी विचारलं तर त्याला प्रेमाने थोपवायचं. पानं कुरतडलेलीच हवीत.

आता मुख्य काम, मुलं. तुम्ही आधी काय शिकून जावं असं विचारलंत, त्याचं उत्तर इथे आहे. पक्ष्यांची नावं पाठ करून जाऊ नका. नवा स्वयंसेवक नावं फेकत सुटतो, तांबट, हळद्या, कोतवाल, सुभग, आणि मुलं ती उतरवून घेतात, मान वर न करता. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे पर्यावरण हा विषय शाळांत सक्तीचा झाला, हे २००३ नंतर विशेष जाणवू लागलं. चांगलंच झालं. पण त्यातून एक नवीन प्राणी जन्माला आला, प्रकल्पवही. वही भरायची म्हणून सहल. मुलं माहितीफलकासमोर उकिडवी बसतात आणि फलक शब्दशः उतरवतात. मागे तांबट टुकटुक करतोय त्याच्याकडे लक्ष नाही. माझा साधा नियम आहे: पहिला अर्धा तास वह्या बसमध्ये. शिक्षक नाराज होतात. होऊ द्यावं.

चाळीस मुलं आली तर एका माणसामागे पंधराच्या वर घेऊ नका, मागची मुलं ऐकतच नाहीत. वाटेवर निघण्याआधी एका जागी उभं करून डोळे मिटायला सांगा आणि ऐकू येणारे वेगळे आवाज बोटांवर मोजायला सांगा. पहिल्यांदा सगळे रिक्षा आणि विमान मोजतात. दुसऱ्या खेपेला पानांतला आवाज, कुणाचं तरी पोट वाजल्याचा आवाज, मग पक्षी. त्यानंतर वाटेवर आवाज आपोआप खाली येतो, ओरडावं लागत नाही.

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत या जंगलात जायंट वुड स्पायडरची जाळी असतात. दोन झाडांच्या मधे माणसाच्या उंचीवर मोठं, उन्हात सोनेरी दिसणारं जाळं, आणि मधोमध तळहाताएवढी पाय पसरलेली मादी. मुलं किंचाळतात. तेव्हा काही सांगायचं नाही. विचारायचं, "या जाळ्यात आणखी एक कोळी आहे, कुणाला दिसतो?" दोन मिनिटांनी कुणाला तरी वरच्या कोपऱ्यात एक तांबूस ठिपका दिसतो. तो नर. इतका लहान की मादीने त्याची दखल घेऊ नये यातच त्याचं हित. मग प्रश्नांचा पाऊस पडतो: तो काय खातो, ती त्याला खाते का, जाळं फाटलं तर काय, चावते का. काही उत्तरं तुम्हाला येतील, काही येणार नाहीत. "मला माहीत नाही, चल, बघू या" हे वाक्य मोकळेपणाने म्हणता आलं पाहिजे. मुलांना ते फार आवडतं, कारण मोठ्या माणसांकडून त्यांनी ते क्वचितच ऐकलेलं असतं.

सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की लालभडक रंग उतरतो, ही जुनी गंमत तुम्हाला ठाऊक असेल. राष्ट्रीय उद्यानात पान तोडायचं नाही, म्हणजे नाहीच. केंद्राच्या स्वतःच्या आवारात साग असेल आणि परवानगी असेल तर सगळ्या गटाला मिळून एक पान. पंधरा मुलांनी पंधरा पानं तोडली तर मग आपण त्यांना काय शिकवलं?

एक गोष्ट नव्या लोकांच्या लक्षात येत नाही. सगळी मुलं निसर्गापासून दूर गेलीत, असं धरून बोलायची सवय आपल्याला लागली आहे. उद्यानात वारली पाडे आहेत. तिथल्या शाळेची मुलं आली तर तुम्ही मागे व्हा. कोणता कंद कधी खणायचा, कोणतं शेवाळ निसरडं, कोणाचा ठसा आहे, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. त्यांना "झाडे आपले मित्र" ऐकवणं म्हणजे कोळणीला मासा ओळखायला शिकवण्यासारखं आहे.

बिबट्याचं विचारणार सगळेच, मुलंही आणि त्यांच्या आयाही. "दिसेल का?" आणि "धरेल का?" खरं उत्तर द्या. इथे बिबटे आहेत, दिवसाउजेडी गटाने चालणाऱ्या माणसांना ते टाळतात, आणि जंगलाच्या कडेला त्यांच्या खाण्यात भटक्या कुत्र्यांचा वाटा बराच असतो. कुत्री कशाने वाढतात? उघड्या कचऱ्याने. ही साखळी मुलांनी स्वतः जोडली की त्यांच्या इमारतीमागच्या कचराकुंडीपर्यंत ती जाते, तुम्हाला भाषण करावं लागत नाही. "पकडून लांब का सोडत नाहीत?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. जुन्नरच्या भागात तसं केलं होतं, आणि त्याने हल्ले कमी होण्याऐवजी वाढतात, हे बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या अभ्यासातून पुढे आलं. उद्यानाच्या आसपासच्या लोकांशी बोलण्यासाठी २०११ मध्ये वन विभाग, अभ्यासक आणि नागरिकांनी मिळून 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' (एसजीएनपी म्हणजे हेच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान) हा उपक्रम सुरू केला. त्यात स्वयंसेवकांचं काम होतं ते सोसायट्यांच्या सभांमध्ये जाऊन हेच शांतपणे सांगायचं. चालताना लहान मुलं गटाच्या मधे, शेवटी एक मोठा माणूस, आणि झाडीच्या कडेला उकिडवं बसायचं नाही. बस, एवढंच.

सापाच्या बाबतीत माझं मत कडक आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ओळखता आले म्हणून हात लावायचा हक्क मिळत नाही. दिसला तर थांबायचं, मुलांना मागे घ्यायचं, त्याला जाऊ द्यायचं. कर्मचाऱ्यांना कळवायचं. साप हातात धरून मुलांना दाखवणारा स्वयंसेवक मी दुसऱ्या दिवशी बोलावत नाही, तो कितीही जाणकार असो. त्यापेक्षा नेहमी होणारे त्रास वेगळे. पावसाळ्यानंतर गवतात गोचिड. पायमोज्यात पँट खोचा, दिसायला बावळट दिसतं, चालेल. थंडीच्या सुरुवातीला खाजकुयलीच्या शेंगा; कुस लागली की चोळायचं नाही, चिकटपट्टी लावून ओढून काढायची. अत्तर, सुगंधी तेल लावून यायचं नाही, आग्या मोहोळाच्या माश्यांना उगाच डिवचायला नको.

आता तुमचं बँकेचं. तुम्ही ते ओशाळून लिहिलंत, पण मला त्यातच जास्त रस आहे. पक्ष्यांची नोंद करताना तारीख, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ, चाललेलं अंतर आणि प्रत्येक जातीची संख्या लिहायची असते. कावळेही लिहायचे. काहीच दिसलं नाही तर तेही लिहायचं. उत्साही मंडळी नवरंग दिसला की तेवढाच लिहितात आणि बाकी रकाने कोरे. अशा नोंदींचा अभ्यासकाला काही उपयोग नसतो. तीच वाट, तीच वेळ, वर्षभर, एकही रकाना न सोडता, ही शिस्त प्राणिशास्त्राच्या पदवीत मिळत नाही. दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय उठायचं नाही अशा ठिकाणी मिळते. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करायला एका दुपारी शिकाल. फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या पक्षीगणनेत भाग घ्या, म्हणजे हात बसेल. केंद्रात तुम्हाला आणखी एक काम आपसूक येऊन चिकटेल, दुर्बिणींचा साठा, पावती पुस्तकं, शाळांच्या तारखांची वही. ही कामं कुणालाच नको असतात आणि त्यांच्यावाचून केंद्र चालत नाही. आवडलं तर घ्या. फक्त त्या खुर्चीत अडकून पडू नका, आठवड्यातली एक फेरी वाटेवर मारायचीच.

दुर्बीण लगेच विकत घेऊ नका. पहिले काही महिने केंद्राची वापरा. मग घ्यावीशी वाटली तर ८×४२, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची, आणि दुकानात जाऊन डोळ्याला लावून.

बुद्धपौर्णिमेला प्राणी मोजायला मचाणावर बसायला मिळेल का, हेही बरेच जण विचारतात. वन विभाग 'निसर्ग अनुभव' म्हणून तो कार्यक्रम काही अभयारण्यांत करतो. अनुभव म्हणून छान आहे, चांदण्यात पाणवठ्यावर रात्र काढायची. पण शास्त्रीय गणना आता कॅमेऱ्यांनी होते, मचाणावरून नाही. त्यासाठी म्हणून स्वयंसेवक होऊ नका.

एका बाबतीत सावध करतो. सगळीच केंद्रं सारखी नसतात. एका ठिकाणी मी पाहिलंय, शहरातले फुकट स्वयंसेवक मिळाले म्हणून गावातल्या वाटाड्या पोरांची रोजंदारी बंद केली. त्या पोरांना त्या जंगलातला प्रत्येक दगड माहीत होता. पगारी माणसाचं काम तुमच्याकडून फुकट करून घेतलं जातंय असं दिसलं तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे जा. कॉलेजची मुलं तासांच्या प्रमाणपत्रासाठी येतात त्यांच्यावर मात्र चिडू नका. दहातली आठजणं, तास भरले की जातात. उरलेली दोन राहतात.

पहिल्या भेटीत एवढं विचारून घ्या: माझ्यावर देखरेख कुणाची, पहिल्या दिवशी कुणाबरोबर राहू, काही लागलं-खुपलं तर औषधपेटी आणि गाडीची सोय काय, मुलांसोबत शाळेचा माणूस असतो की सगळी जबाबदारी माझ्यावर, आणि बायकांसाठी स्वच्छतागृह वाटेच्या कोणत्या टोकाला आहे. शेवटचा प्रश्न लाजून राहू देऊ नका. गुडघ्यांचंही पहिल्याच दिवशी सांगून टाका, म्हणजे तुम्हाला रोपवाटिका आणि जवळची वाट देतील.

शनिवार-रविवार मागू नका, त्या दिवशी सगळेच असतात. बुधवार किंवा गुरुवार घ्या, शाळा तेव्हा येतात. बोरिवलीचं उद्यान सोमवारी बंद असतं, त्यामुळे तिकडे जायचं ठरवलंत तर मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास जा. पहिली शाळा वाटेवर गेलेली असते आणि कार्यालयातल्या माणसाला तुमच्याशी बोलायला जरा उसंत असते.